शहर धरा, मग तबकडी : ऑस्ट्रेलियातलं विस्मरणात गेलेलं पॉप-रॉक शोधायचं कसं

मेलबर्नला आल्यावर पहिल्या वर्षात मी ३१ तबकड्या घरी आणल्या. त्यांतल्या आज माझ्याकडे फक्त ६ आहेत. बाकीच्यांमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन गाण्यांच्या इथे छापलेल्या प्रती होत्या, नाताळची गाणी होती, दोन ऑर्गनवादनाच्या होत्या आणि एक तर घोड्यांच्या शर्यतीचं धावतं वर्णन निघालं. मला हवं होतं ते वेगळंच. एसी/डीसी, इनेक्सेस, मेन ॲट वर्क ही नावं आपल्याकडेही पोचली, पण त्यांच्या खाली जो थर आहे, म्हणजे दोन सिंगल (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी, सात इंची तबकडी) काढून विझलेले बँड, ५०० प्रतींच्या पुढे न गेलेल्या रेकॉर्डी, एकाच शहरात गाजून बाकी देशाला पत्ता न लागलेली गाणी, तो मला हवा होता. त्या थरात उतरायचं कसं, हे माझ्या चुकांच्या हिशेबानं इथे मांडतो आहे.

पायरी १ : आधी कान, मग खिसा

पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका. संकलनं ऐका. दुर्मीळ गाणी शोधून, नीट परवानगी घेऊन पुन्हा काढणारी मंडळी या देशात बरीच झाली. त्यांनी आपलं अर्धं काम करून ठेवलंय.

साठीच्या दशकातल्या उग्र, कच्च्या आवाजाच्या बँडसाठी रेव्हन रेकॉर्ड्सची 'अग्ली थिंग्ज' ही मालिका बघा, ती १९८० मध्ये सुरू झाली. १९६५ ते १९६७ या काळाचं 'डाउन अंडर नगेट्स' हे २०१२ चं संकलन त्याहून सहज मिळतं. पंकनंतरच्या विचित्र, काटकुळ्या आवाजाचं वेड असेल तर चॅप्टर म्युझिकचं 'कान्ट स्टॉप इट!' घ्या, त्यात १९७८ ते १९८२ मधली गाणी आहेत. सत्तरीतलं जडशीळ रॉक हवं असेल तर ॲझ्टेक म्युझिक हे नाव लक्षात ठेवा. बिली थॉर्पच्या ॲझ्टेक्स बँडचा ड्रमवाला गिल मॅथ्यूज यानं ते चालवलं, आणि वाजवणारा माणूसच पुन्हा छापतो तेव्हा आवाजाकडे लक्ष असतं.

ऐकताना शेजारी वही हवी. चार रकाने पुरेत : गाणं, बँड, वर्ष, शहर. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. मीही गाळला होता, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

पायरी २ : एक शहर निवडा

सिडनी आणि पर्थ यांच्यात हवाई अंतर सुमारे ३,३०० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट. साठीत एखाद्या पर्थच्या बँडला सिडनीत कार्यक्रम करायचा म्हणजे परदेश दौऱ्याइतका खटाटोप होता. प्रत्येक शहराची रेडिओ स्टेशनं वेगळी, त्यांच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या वेगळ्या. सगळ्या देशाची एकत्र यादी 'गो-सेट' या तरुणांच्या साप्ताहिकानं छापायला सुरुवात केली ती थेट ऑक्टोबर १९६६ मध्ये. त्यामुळे 'ऑस्ट्रेलियन रॉक' असं एक गाठोडं सोडायला बसलात तर हाती नुसता गुंता येतो. शहर धरलं की धागा सापडतो.

सिडनी धरलंत तर विलावूडपासून सुरुवात करा. तिथल्या स्थलांतरितांच्या वसतिगृहात १९६४ मध्ये ईझीबीट्स जमले : दोघे नेदरलंड्सचे, दोघे इंग्लंडचे, एक स्कॉटलंडचा. 'फ्रायडे ऑन माय माइंड' जगाला माहीत आहे. पण त्याच शहरातल्या मिसिंग लिंक्स या बँडची १९६५ ची, फिलिप्स कंपनीनं काढलेली एलपी (बरीच गाणी असलेली मोठी तबकडी) ऐका. त्यात एक गाणं अख्खंच्या अख्खं उलटं फिरवून घातलंय, आणि शीर्षकही उलट्या स्पेलिंगचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझा टर्नटेबल बिघडला.

ॲडलेडमध्ये मास्टर्स ॲप्रेंटिसेस आणि ट्वायलाइट्स. मास्टर्सच्या 'अनडिसायडेड' या १९६६ च्या सिंगलच्या मागच्या बाजूला 'वॉर्स ऑर हॅन्ड्स ऑफ टाइम' आहे. व्हिएतनाम युद्धाची सावली ऑस्ट्रेलियन पॉपवर पडली ती अगदी सुरुवातीला इथे. मागची बाजू ऐकल्याशिवाय रेकॉर्ड खाली ठेवू नका, हे मी याच तबकडीकडून शिकलो. मेलबर्नमध्ये लव्हड वन्स आहेत. सत्तरीच्या दशकाच्या शेवटाला तिथेच 'लिटल बँड्स'चा खेळ चालला : बँड जमायचा, दोन-चार गाणी वाजवायचा, मोडायचा, आणि तीच माणसं दुसऱ्या नावानं उभी राहायची.

माझं स्वतःचं शहर मात्र ब्रिस्बेन. तिथे मी कधी राहिलो नाही, पण रेकॉर्डच्या वेडात असं एक मानलेलं शहर असतंच. १९६८ ते १९८७ पर्यंत, ब्रिस्बेन ज्याची राजधानी त्या क्वीन्सलंड राज्यावर जो ब्येल्के-पीटरसन यांचं सरकार होतं, मोर्चांवर बंदी, पोलिसांचा धाक. अशा शहरात रेकॉर्ड काढून देणारी कंपनी कुठून येणार? मग पोरांनी स्वतःच काढल्या. सेंट्स या बँडनं '(आय'म) स्ट्रँडेड' हे गाणं १९७६ मध्ये रेकॉर्ड केलं, फेटल या स्वतःच्या लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या नावानं) ५०० प्रती छापल्या आणि देशोदेशीच्या पत्रकारांना टपालानं पाठवल्या. इथल्या देशात दुर्लक्ष झालं. लंडनच्या 'साउंड्स' साप्ताहिकानं मात्र ती डोक्यावर घेतली, आणि लंडनच्या ईएमआयकडून सिडनीच्या कचेरीला या पोरांना करारात घ्या म्हणून सांगावा आला. त्यांच्या पहिल्या एलपीवर मिसिंग लिंक्सचं 'वाइल्ड अबाउट यू' पुन्हा गायलेलं आहे. म्हणजे बारा वर्षांपूर्वी सिडनीत कोणी विचारलं नव्हतं ते गाणं ब्रिस्बेनच्या पोरांनी जपलं होतं. १९७८ मध्ये गो-बिट्वीन्सनं 'ली रेमिक' काढलं तेही एबल या चिमुकल्या स्थानिक लेबलवर. आज ब्रिस्बेन नदीवर त्या बँडच्या नावाचा पूल आहे, त्यांची पहिली सिंगल मात्र सहज हाती लागत नाही. १९८० मध्ये फन थिंग्ज या बँडनं स्वखर्चानं चार गाण्यांची एक ईपी काढली. त्यातला ब्रॅड शेपर्ड पुढे हूडू गुरूज या बँडमध्ये गेला. ती ईपी आता कोणी दाखवली तर मी हात पुसून मगच धरतो.

पर्थ शेवटी ठेवलंय, कारण त्याची गोष्ट लेबल वाचताना सांगायची आहे.

पायरी ३ : ती हरवली का, ते आधी समजून घ्या

कारण कळलं की कुठे शोधायचं तेही कळतं. अंतराचं कारण वर सांगितलं. दुसरं, १९७० चं रेडिओयुद्ध. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी खासगी रेडिओ स्टेशनांकडे गाणी वाजवण्याचे पैसे मागितले. स्टेशनांनी नकार दिला आणि त्या वर्षी मे ते ऑक्टोबर या कंपन्यांच्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन रेकॉर्डी वाजवणंच बंद केलं. अमेरिकन गाणी चालू राहिली. या खिंडीतून छोटी लेबलं पुढे घुसली. मेलबर्नचं रॉन ट्यूडर यांचं फेबल हे नवंकोरं लेबल होतं, त्यांनी ब्रिटनमधल्या गाजत्या गाण्यांची स्थानिक गायकांकडून झटपट आवृत्ती काढायचा सपाटा लावला. मिक्स्चर्स या बँडचं 'इन द समरटाइम' त्यातच पहिल्या क्रमांकावर गेलं. उलट, मोठ्या कंपन्यांकडे करारात अडकलेल्या स्थानिक बँडची त्या सहा महिन्यांतली गाणी रेडिओवर आलीच नाहीत. ती निघाली, दुकानात पडून राहिली, परत गेली. वहीत १९७० चा मधला काळ वेगळ्या शाईनं लिहा.

तिसरं कारण, पडद्यावरची आठवणही पुसली गेली. एबीसी या सरकारी वाहिनीचा 'काउंटडाउन' हा गाण्यांचा कार्यक्रम १९७४ ते १९८७ चालला, घराघरात बघितला गेला, पण सुरुवातीच्या वर्षांतल्या कित्येक टेप पैसे वाचवायला पुसून त्यांवर दुसरं काहीतरी घेतलं. ज्या बँडची चित्रफीत उरली नाही त्याचा पुरावा म्हणजे ती सात इंची तबकडी. बस.

बंदीचंही एक प्रकरण होतं. स्कायहुक्सच्या १९७४ च्या पहिल्या एलपीतली १० पैकी ६ गाणी खासगी स्टेशनांवर वाजवायला मनाई होती, तरी ती एलपी तुफान खपली. १९ जानेवारी १९७५ ला सिडनीत टूजेजे हे तरुणांचं सरकारी रेडिओ स्टेशन सुरू झालं तेव्हा त्यांनी मुद्दाम त्याच एलपीतलं एक बंदी घातलेलं गाणं सर्वांत आधी लावलं. दुर्मीळ म्हणून ही एलपी विकत घेऊ नका मात्र. जुन्या वस्तूंच्या प्रत्येक दुकानात पडलेली असते.

पायरी ४ : लेबल वाचायला शिका

यात वेळ घाला. आपल्याकडे जुन्या साडीचा पदर बघून ती कुठल्या पेठेतली ते सांगणाऱ्या आज्ज्या असतात ना, तसं इथे मधल्या कागदी चकतीकडे बघून सांगता आलं पाहिजे.

प्रत्येक कंपनीच्या क्रमांकाला पुढे अक्षरं असतात. सिडनीच्या फेस्टिव्हल कंपनीच्या साठीतल्या सिंगलवर 'एफके' असतं. तिच्याच घरातली बाकी लेबलं : लीडनची 'एलके', सनशाइनची 'क्यूके', स्पिनची 'ईके'. पर्थच्या क्लॅरियनची 'एमसीके'. पार्लोफोनच्या ऑस्ट्रेलियन सिंगलना 'ए' आणि आठ हजारांच्या घरातला आकडा. फेस्टिव्हलच्या चकतीवर याशिवाय 'एमएक्स'नं सुरू होणारा मॅट्रिक्स, म्हणजे साच्याचा, क्रमांक असतो. तो ओळीनं चढत जातो, त्यामुळे दोन तबकड्यांपैकी आधीची कोणती ते ठरवायला उपयोगी पडतो.

आता एक तबकडी हातात घेऊन दाखवतो. क्लॅरियन, पर्थ, १९६६, जॉनी यंग, 'स्टेप बॅक'. गाण्याच्या नावाखाली कंसात, बारीक अक्षरात गीतकारांची नावं आहेत, बहुतेकांची नजर तिथे जात नाही. तिथे आहेत राइट आणि यंग. जॉनीचा या यंगशी काही संबंध नाही, हे ईझीबीट्सचे स्टीव्ही राइट आणि जॉर्ज यंग. म्हणजे पर्थच्या गायकाला गाणं सिडनीच्या पोरांनी दिलं. याच जॉनी यंगनं पुढे 'द रिअल थिंग' लिहिलं, जे रसेल मॉरिसनं १९६९ मध्ये मेलबर्नच्या आर्मस्ट्राँग स्टुडिओत गायलं : सहा मिनिटांहून लांब, त्या काळात सिंगलसाठी वेडेपणा. आता त्याच क्लॅरियनची आणखी एक तबकडी घ्या, १९६७ चा व्हॅलेंटाइन्स हा बँड. त्यातल्या दोन गायकांपैकी एक बॉन स्कॉट. व्हॅलेंटाइन्सनंही पुढे ईझीबीट्सच्या हॅरी वँडा आणि जॉर्ज यंग यांची गाणी गायली. आणि काही वर्षांनी जॉर्जचे धाकटे भाऊ माल्कम आणि अँगस यांच्या बँडमध्ये बॉन स्कॉट गायला उभा राहिला, तेव्हा निर्माते होते वँडा आणि यंग. तो बँड एसी/डीसी. एका ओळीतल्या दोन आडनावांपासून इथवर. म्हणून म्हणतो, कंसातली नावं वहीत उतरवा.

वय ओळखायच्या काही साध्या खुणा :

किमतीची चिठ्ठी शिलिंगमध्ये असेल तर तबकडी बहुधा १४ फेब्रुवारी १९६६ च्या आधी विकली गेली, कारण त्या दिवशी डॉलर आला. पाकिटावर छापलेल्या पत्त्यात चार आकडी पोस्टकोड असेल तर ते पाकीट जुलै १९६७ नंतरचं, कारण पोस्टकोड तेव्हा सुरू झाले. बारकोड दिसला तर साठीचा प्रश्नच मिटला, ती पुनर्मुद्रित प्रत. सिंगलला चित्राचं पाकीट नाही म्हणून नाक मुरडू नका. साठीत इथल्या सिंगल कंपनीच्या साध्या छापील पाकिटातच यायच्या. चित्र बघायचं तर चार गाण्यांची ईपी शोधायची, तिला मात्र छान चकचकीत पाकीट असायचं.

यातली पोस्टकोडची खूण मला फुकट मिळाली नाही. एका रविवारच्या बाजारात १९६६ ची पहिली छपाई म्हणून एक ईपी मी ७० डॉलरला घेतली. घरी आल्यावर चहा घेत पाकिटाची मागची बाजू वाचत होतो. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, छापखान्याचा पत्ता आणि शेवटी चार आकडे. चहा गार झाला. विक्रेत्याला कदाचित खरंच ठाऊक नसेल, पण मला ठाऊक असायला हवं होतं.

पायरी ५ : ट्रोव्हवर रात्र घालवा

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे संकेतस्थळ फुकट आहे, पुण्यात बसूनही उघडतं. जुनी वर्तमानपत्रं शब्द टाकून शोधता येतात. 'कॅनबेरा टाइम्स' १९९५ पर्यंतचा आहे, 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' १९८२ पर्यंतचं. बँडचं नाव एकदा अवतरणचिन्हात आणि एकदा त्याशिवाय टाका, आणि चुकीच्या स्पेलिंगनंही शोधा. तेव्हाच्या वार्ताहरांना या पोरांच्या नावांशी काही देणंघेणं नव्हतं. नाचाच्या कार्यक्रमांच्या जाहिराती वाचा. कुठल्या सभागृहात, कोणाच्या आधी, किती तिकीट, त्यावरून बँडची पत कळते.

जोडीला इयन मॅकफार्लेन यांचा १९९९ चा ऑस्ट्रेलियन रॉक आणि पॉपचा कोश आणि १९६४ ते १९७५ या काळासाठी माइल्सागो हे संकेतस्थळ. कॅनबेराचं राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालय २००७ पासून 'साउंड्स ऑफ ऑस्ट्रेलिया' या यादीत दरवर्षी नव्या ध्वनिमुद्रणांची भर घालतं. तिथे नुसतं रॉक नाही, सगळंच आहे, पण चाळायला मजा येते.

पायरी ६ : नकाशाबाहेरचं विसरू नका

संग्राहकांची नजर गोऱ्या पोरांच्या गिटारींवरच जास्त अडकते, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे पुढचं शोधून ऐका.

विक सिम्स हा सिडनीच्या ला पेरूझ वस्तीतला आदिवासी गायक. शाळकरी वयातच रंगमंचावर गायला लागला, १९६१ मध्ये त्याची पहिली सिंगलही आली. पुढे दरोड्याच्या गुन्ह्यात बाथर्स्टच्या तुरुंगात गेला. तिथे तंबाखूच्या बदल्यात त्यानं एक गिटार मिळवली आणि गाणी रचायला लागला. १९७३ मध्ये आरसीए कंपनीनं रेकॉर्डिंगची फिरती गाडी तुरुंगात नेली आणि १० गाणी जवळजवळ तासाभरात ध्वनिमुद्रित केली. 'द लोनर' ही ती एलपी. पहिल्याच गाण्यात तो आपल्याच देशात परका झाल्याचं सांगतो, आवाज न चढवता. पुढची कित्येक वर्षं ही एलपी कुठे मिळत नव्हती, आता पुन्हा छापली गेली आहे. मूळ प्रत परवडणार नाही, आणि परवडायची गरजही नाही. पुनर्मुद्रित घ्या आणि आज रात्री ऐका.

वारुम्पी बँडची 'जाइलनगुरू पकार्णू' ही १९८३ ची सिंगल मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीतल्या बँडची. गाणं लुरिट्जा भाषेत, आणि आदिवासी भाषेतली पहिली रॉक सिंगल म्हणून ती ओळखली जाते. मध्य ऑस्ट्रेलियात संगीत जास्त पसरलं ते कॅसेटवर. ॲलिस स्प्रिंग्जच्या कामा या आदिवासी माध्यमसंस्थेनं बँडच्या कॅसेट काढल्या. गाडीत वाजतात, धुळीत टिकतात, हातोहात फिरतात. म्हणून कुठेही जुन्या कॅसेटचा खोका दिसला तर उघडा. शहरी मंडळींनीही कॅसेट वापरली : मेलबर्नच्या ब्रूस मिल्न यांचं 'फास्ट फॉरवर्ड' हे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं नियतकालिक कागदाऐवजी कॅसेटवरच निघायचं.

पायरी ७ : प्रत्यक्ष शोध

धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं, म्हणजे इथल्या बोलीत ऑप शॉप. शनिवारच्या गराज सेल. वर्षातून एक-दोनदा भरणारे रेकॉर्ड मेळे. आणि खास रेकॉर्डची दुकानं, जिथे माल महाग पण माणूस जाणकार. नव्या माणसानं महिन्यातून एकदा तरी अशा दुकानात जावं आणि एखादी साधी वस्तू तरी विकत घ्यावी. गल्ल्यावरच्या माणसाशी ओळख झाली की तो मागच्या खोलीतला खोका काढतो.

ऑप शॉपमध्ये नजर मजल्याकडे ठेवा. एलपी वर टेबलावर मांडतात, सात इंची सिंगल बुटाच्या खोक्यात भरून खाली ढकलतात. गुडघे टेकून बसायची तयारी हवी. माझ्या गावच्या एका मैत्रिणीनं मला तसं बघितलं आणि घरी फोन करून सांगितलं, तुमचा मुलगा दुकानात फरशी पुसायला लागलाय.

भारतातून मागवणार असाल तर एकेक मागवू नका, टपालखर्च तबकडीच्या वर जातो, शिवाय सीमाशुल्क आहेच. एकाच विक्रेत्याकडून चार-पाच जमवा. तबकडी पाकिटाबाहेर काढून, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवायला सांगा, नाहीतर वाटेत हादऱ्यांनी पाकिटाची कड फाटते.

पायरी ८ : घेण्याआधी तपासा

उजेडात तिरपी धरा. मोबाइलचा टॉर्च पुरतो. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा ऐकू येतो. डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकली आहे का बघा. खाचा करड्या, मळकट दिसत असतील आणि धुऊनही चमक येत नसेल तर जड सुईनं त्या झिजवल्यात, सोडून द्या.

प्रतवारीची इंग्रजी भाषा फसवी आहे. 'नियर मिंट' म्हणजे नव्यासारखी, 'व्हीजी प्लस' म्हणजे समाधानानं ऐकण्याजोगी, 'व्हीजी' म्हणजे कुरकुरीसकट. आणि 'गुड' म्हणजे चांगली असं कोणी समजलं तर त्याचं कल्याण झालं. ती कांदाभजी तळल्यासारखी वाजते. तरीही एखादं गाणं दुसरीकडे कुठेच मिळत नसेल तर मी भजीसकट घेतो.

किंमत ठरवताना डिस्कॉग्ज या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर मागितलेले भाव बघू नका, आधी विकल्या गेलेल्या प्रतींचे भाव बघा. मागायला काय, कोणी काहीही मागेल. आणि दुर्मीळ म्हणजे उत्तम, हा हिशेब डोक्यातून काढा. ५०० प्रती छापलेल्या कित्येक तबकड्या ५०० च राहिल्या, कारण गाणं रद्दड होतं.

पायरी ९ : घरी आल्यावर

धुवा. डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं. मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसून उभी वाळवा. आतलं नवं पाकीट द्या, जुनंही फेकू नका, त्यावर कधीकधी दुकानाचा शिक्का असतो आणि तो शहर सांगतो.

गाडीत ठेवू नका. जानेवारीच्या उन्हात मी एका दुपारी सहा सिंगल डिकीत विसरलो. त्या उडदाच्या पापडासारख्या निघाल्या. एक मी भिंतीवर लावली आहे, येणाजाणाऱ्याला धडा म्हणून.

आणि वही पूर्ण करा. क्रमांक, शेवटच्या खाचेजवळ कोरलेली अक्षरं, गीतकार, शहर, कुठे मिळाली. हे काम रटाळ वाटेल, पण याचं महत्त्व आपल्याला एका ऑस्ट्रेलियन माणसानंच दाखवलंय. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची तयार केली, ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशननं १९९४ मध्ये छापली. आपल्या जुन्या गायक-गायिकांच्या तबकड्यांचे क्रमांक त्या माणसानं एकेक करून जुळवले.

माझ्या वहीत सध्या २१४ नोंदी आहेत. ५८ वी नोंद रिकामी आहे : निळ्या चकतीची सात इंची, बँडचं नाव खरवडलेलं, एका बाजूला शाईनं फक्त 'वोलाँगाँग, शाळेचं सभागृह' लिहिलेलं. गाणं चांगलं आहे. गायिकेचा श्वास दुसऱ्या कडव्याआधी स्पष्ट ऐकू येतो, आणि मागे कोणीतरी खुर्ची सरकवतं.